मदत हवी आहे: वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचे पैसे कुठे ठेवायचे?

आम्ही नाशिकला राहतो, घरात चौघं. दोघांचे मिळून महिन्याला ४८,००० हातात येतात. भाडं, किराणा, दूध, गॅस, वीजबिल यांचं गणित बसलंय, ते विचारत नाही. बजेट कोलमडतं ते ठोक खर्चांनी: जूनमध्ये फी-वह्यापुस्तकं ३०,०००, दिवाळी १२,०००, फेब्रुवारीत विम्याचा हप्ता १८,००० आणि गाडीचा विमा, सर्व्हिसिंग वगैरे १२,०००. एकूण ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,००० बाजूला पडायला हवेत.

पाकिटं करून पाहिली. तीन महिन्यांत दिवाळीच्या पाकिटातून भाजी आली. भिशी लावली, तर नंबर लागला डिसेंबरात, फी जूनमध्ये! बचत खात्यात ठेवले की यूपीआयने कधी उडतात कळत नाही (यात मीच जास्त दोषी). पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची ठेव) पाच वर्षांची, तीन वर्षांआधी बंदही करता येत नाही, म्हणून ती बाद.

आता डोक्यात आहे बँकेत प्रत्येक खर्चासाठी वेगळी आरडी, त्या-त्या महिन्याच्या आधी सुटेल अशी. शेअर, म्युच्युअल फंड नको. पैसे तारखेला लागतातच. अडीनडीसाठी ४०,००० एफडीत वेगळे आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

कुणी अशा तीन-चार छोट्या आरडी एकाच वेळी चालवल्यात का? एखादा हप्ता चुकला तर कितपत त्रास होतो? की यूपीआय न जोडलेलं, एटीएम कार्डही न घेतलेलं दुसरं खातं पुरेल?