१८ हजारात क्लासिकल पियानो सुरू करता येईल का? (बडोदा)

मांडवी_बडोदा
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. मी लहानपणी पेटी शिकलेय, भजनी मंडळात अजून साथ करते, पण मनात कायम पियानोच होता. म्हणजे फिल्मी गाणी नाही, बाख, मोझार्ट वाजवायचंय, नोटेशन वाचून, नीट. मुलगा आता कॉलेजला गेला त्यामुळे संध्याकाळी तासभर मोकळा मिळतो, पण त्याचीच फी भरतोय सो बजेट सगळं मिळून १८ हजार, वर एक रुपया नाही. दुकानात म्हणाले क्लासिकल करायचं तर ८८ कीजचा वेटेडच (खऱ्या पियानोसारख्या जड कीजचा) घ्या, नाहीतर हात बिघडेल, आणि तो ४० हजारांच्या घरात जातो. मग पैसे साठेपर्यंत थांबू का ६१ कीजवर सुरू करू? आणि आपल्याकडे वेस्टर्न क्लासिकल शिकवणारं माणूस कसं शोधायचं, जिकडे तिकडे बॉलिवूड कीबोर्ड क्लासच्याच पाट्या दिसतात.

सूरसागरकाठी
ताई अजिबात थांबू नका. ६१ कीज म्हणजे पाच सप्तकं, आणि मोझार्टच्या काळातले पियानोही साधारण पाच सप्तकांचेच असायचे. फरक इतकाच की ते एफ ते एफ होते आणि आजचा ६१ वाला सी ते सी, म्हणजे खालचे थोडे सूर मिळत नाहीत, पण सुरुवातीच्या पुस्तकांत तेवढं खाली जावंच लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको, कीबोर्ड टच सेन्सिटिव्ह पाहिजे, म्हणजे हळू दाबलं तर हळू वाजणारा आणि जोरात तर जोरात. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये हे नसतं आणि मग पियानो शिकण्यातला अर्धा भागच गेला. कॅसिओ सीटी-एस३०० किंवा यामाहा पीएसआर-ई३७३ यांच्यात आहे, नव्याची आजची किंमत दुकानात विचारून बघा, जुने अजून कमी. उरलेल्यात स्टँड आणि एक सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवणारं. पेडल आधी जोडा आणि मग स्विच ऑन करा, बऱ्याच कीबोर्डवर उलटं केलं तर पेडल उलटं चालतं. आणि पेटीसारखं खाली बसून वाजवू नका, खुर्ची अशी ठेवा की कोपर कीजच्या लेव्हलला येईल.

फतेगंजवाली
मी थोडी वेगळ्या मताची आहे. हात बिघडतो वगैरे काही नसतं हे खरं, पण हलक्या स्प्रिंगच्या कीजवर बोटांना वजन कळत नाही आणि नंतर खऱ्या पियानोवर बसलं की हळू वाजवताना सूर उमटतच नाहीत. सेकंड हँड ८८ वेटेड शोधा, लोक मुलांसाठी हौसेने घेतात आणि वर्षभरात काढून टाकतात, आपल्याकडे परदेशी जाणारी कुटुंबंही खूप, ती निघायच्या आधी सामान विकतात. तुमच्या बजेटमध्ये पटकन मिळणार नाही पण नजर ठेवलीत तर मिळू शकतो. बघायला गेलात की एकेक की हळू आणि जोरात दोन्ही वाजवून बघा, एखादी एकदम मोठ्याने वाजत असेल किंवा खट्ट करत असेल तर सोडून द्या. ॲडॅप्टर ओरिजिनल आहे का, हेडफोनचा जॅक खरखरतो का, तेही बघा.

जुना लाकडी अपराइट (उभा, तारांचा) पियानो कोणी फुकट देतो म्हणालं तरी घेऊ नका हं. आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणात आणि मग कोरड्या हवेत तो सारखा उतरतो, वर्षातून निदान दोनदा ट्यूनिंग लागतं, ट्यूनर बाहेरगावाहून बोलवायचा, आणि तारा ताणणारे आतले पिन सैल झाले असतील तर सूर टिकतच नाही.

शिक्षकासाठी फतेगंजच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांना विचारा, नोटेशन वाचणारी माणसं तिथेच भेटतात. दर आठवड्याचा क्लास परवडत नसेल तर महिन्यातून दोन तास ठरवा आणि शिकवताना हाताकडे बघा म्हणून सांगा, मनगट नि अंगठा व्हिडिओवरून दुरुस्त होत नाही. परीक्षांच्या मागे आत्ता लागू नका, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमची एकेका ग्रेडची फी काही हजारांत जाते, ते पैसे शिक्षकाला द्या.

पांढरी_एक
मीही पेटीवरून आलो म्हणून तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. स्वर ओळखणं, सप्तक, उजव्या हाताची सवय हे सगळं कामी येतं, तुमची पांढरी एक म्हणजेच सी. पण डावा हात इतकी वर्षं भात्यावर होता, त्याला बोटांचं काम माहीतच नाही. म्हणून पहिले काही महिने अर्धा वेळ नुसता डाव्या हाताला द्या. बोटांचे नंबर अंगठा एक ते करंगळी पाच असे धरा. सी स्केलमध्ये उजव्या हाताने एक दोन तीन आणि मग अंगठा खालून घेऊन एक ते पाच, डाव्याने चढताना पाच ते एक आणि मग तिसरं बोट अंगठ्यावरून, पुन्हा तीन दोन एक. दोन्ही हात एकदम नाही, आधी वेगळे, मग मेट्रोनोमच्या (लय धरून ठोके देणाऱ्या) फुकट ॲपवर अगदी संथ एकत्र.

आणखी एक फरक आहे. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तसाच राहतो, जोर भात्यातून येतो. पियानोचा सूर वाजल्याक्षणी विरायला लागतो आणि त्याचा जोर फक्त की किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतो. त्यामुळे पुढचा सूर मागच्याच्या विरण्याला जोडून घ्यायचा, हे कानाने शिकावं लागतं आणि खूप सुंदर आहे हे.

पुस्तकांवर खर्च नको. बायरचा ओपस १०१, चेर्नीचा ५९९, बुर्गम्युलरचे २५ एट्यूड (सरावाचे छोटे तुकडे) ओपस १००, हे सगळे लोक १९ व्या शतकातच वारले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर जुन्या प्रती मोफत मिळतात. बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीतले मिनुएटही (छोट्या नृत्यरचना) तिथेच आहेत, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध जी मेजरचा मिनुएट खरं तर पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचा. झेरॉक्स जरा मोठी काढा, वाचायला सोपं जातं.

नोटेशनला घाबरू नका, १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांना घेऊन इथे गायनशाळा काढली आणि मौलाबक्षांनी आपल्या संगीतासाठी स्वतःची नोटेशन पद्धत बसवली. म्हणजे संगीत कागदावरून वाचणं या गावाला जुनंच आहे.

मांडवी_बडोदा
खूप खूप आभार सगळ्यांचे. असं करते, ११ हजारापर्यंत जुना टच सेन्सिटिव्ह ६१ वाला बघते, स्टँड आणि पेडलचे दोन अडीच, आणि उरलेले ताईंनी म्हटलं तसे महिन्याच्या दोन क्लासना. वेटेडसाठी वेगळा डबा सुरू करते. एक शंका, आठव्या मजल्यावर राहतो, रात्री हेडफोन लावून चालेल ना?

फतेगंजवाली
चालेल, फक्त आवाज मध्यम ठेवा, नाहीतर बोटं जोर लावायची सोडून देतात आणि व्हॉल्यूमचं बटणच वाजवायला लागतं. रविवारी चर्चमध्ये सकाळची प्रार्थना संपल्यावर या, मी तिथे असते, ऑर्गनवाल्यांशी ओळख करून देते.