मदत हवी आहे: नवीन बॅटरी टाकूनही फोन दुपारपर्यंत झोपतो

रायवळ
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. फोन सकाळी सातला पूर्ण चार्ज असतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत पंधरा टक्क्यांवर येतो. फोनवर विशेष काही चालू नसतं. ब्राइटनेस कमी, लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद, डार्क मोड चालू, बॅटरी सेव्हर चालू. मागच्या महिन्यात बॅटरीपण नवीन टाकली, फरक शून्य. दुकानदार म्हणतो आता फोनच बदला. बदलायचा नाहीये. नेटवर शोधलं की जो तो "ब्राइटनेस कमी करा" सांगतो. ते सोडून काही असेल तर सांगा. जरा लवकर, शनिवारी गावी जातोय, तेव्हा काय ते उरकून यायचंय.

बटाटवडा
फोन कोणता? किती जुना? अँड्रॉइड कितवं? प्रश्न विचारताना एवढं तरी लिहावं की हो माणसाने. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणता का?

निवांत_काका
मी फोन ८० टक्क्यांच्या वर आणि २० च्या खाली कधीच जाऊ देत नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपत नाही. माझ्या फोनची बॅटरी अजून ठणठणीत आहे. शिस्त लागते त्याला. आजची पिढी रात्रभर लावून ठेवते आणि मग धागे काढते.

शेवंता
काका, ८०-२० चा नियम बॅटरीचं *आयुष्य* वाढवायला. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशी तासनतास राहिली की लवकर म्हातारी होते, हे खरंच. पण यांची बॅटरी नवी आहे आणि तिला एक दिवससुद्धा काढता येत नाहीये. हे दुखणं वेगळं.

रायवळ, सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर कोण करतंय ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट टाका.

निवांत_काका
नवीन बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करून मग पूर्ण उतरवावी लागते. तीनदा करायचं. हे केलं होतं का? कोणी करत नाही.

विजेचा_खांब
काका, ते निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं. त्या बॅटऱ्या अर्धवट चार्जिंगची सवय लावून घ्यायच्या. लिथियम-आयनला तो रोग नाही. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये तिच्या जनकांना (गुडइनफ, व्हिटिंगहॅम, योशिनो) रसायनशास्त्राचं नोबेलही मिळून गेलं, आणि आपण अजून आठ तासांवर. कधीतरी एकदा शून्यापासून शंभरपर्यंत नेलं तर टक्के दाखवणारा काटा ताळ्यावर येतो एवढंच. बॅटरीची ताकद वाढत नाही.

बाकी, गावाकडे व्होल्टेज कमी असेल तर चार्जिंगच नीट होत नसेल. स्टॅबिलायझर बघा.

बटाटवडा
खांबसाहेब, अ‍ॅडाप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं ते वाचा एकदा. आणि ते म्हणतायत फोन पूर्ण चार्ज होतो. स्टॅबिलायझर कशाला मध्येच?

रायवळ
फोनचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. ब्रँड सांगितला की पुढच्या वीस प्रतिक्रिया "असले फोन घेताच कशाला" अशा येतात. फाइव्ह जी आहे, ५००० एमएएच, अँड्रॉइड १३, तीन वर्षं झाली. वापर म्हणजे फोन येणं-करणं, व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात, संध्याकाळी थोडं कीर्तन.

स्क्रीनशॉट लगेच मिळणार नाही, फोन माझ्याकडे नाहीये. अण्णांचा आहे.

शेवंता
आता कळतंय. अण्णा कुठे असतात?

तळ्यातमळ्यात
रिसेंटमधली सगळी अ‍ॅप्स दर तासाला सरकवून बंद करायला सांगा वडिलांना. आणि एक बॅटरी डॉक्टर टाइपचं अ‍ॅप टाकून द्या, ते आपोआप साफसफाई करतं. माझ्या आईच्या फोनवर टाकलंय, खूप फरक.

बटाटवडा
अजिबात टाकू नका. तसली अ‍ॅप्स स्वतःच दिवसभर जागी असतात, वर जाहिराती. आणि अ‍ॅप सरकवून मारलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं, त्याला जास्त खर्च. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की अ‍ॅप्सना तोच झोपवतो. माणसाने मध्ये पडायची गरज नाही.

तळ्यातमळ्यात
माझा अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडून द्या. प्रत्येक धाग्यावर तुम्हालाच सगळं कळतं असं दिसतं.

कोयरी
माझे मिस्टर उन्हाळ्यात फोन पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतात. चालतं का हे?

शेवंता
नाही हो ताई! बाहेर काढला की आत दव धरतं. पंख्याखाली ठेवा, कव्हर काढा, तेवढं पुरे.

रायवळ
देवरुखच्या पुढे आमची वाडी, नदीच्या खोलगटात. भावाकडून स्क्रीनशॉट मागवला. ‘सिस्टिमनुसार’ पाहिलं तर सगळ्यात वर "मोबाइल नेटवर्क", स्क्रीनच्या दुप्पट. याचा अर्थ काय? नेट तर ते वापरतच नाहीत फारसं.

आणि हो, मे महिन्यात अण्णा इकडे पुण्याला होते तेव्हा हाच फोन रात्रीपर्यंत आरामात चालायचा. म्हणूनच मला वाटलं बॅटरी अधूनमधून बिघडते, आणि बदलली.

शेवंता
अहो हे पहिल्याच ओळीत हवं होतं!! पुण्यात चालतो, वाडीत मरतो. बॅटरीचा दोष नाही, रेंजचा आहे.

फोन टॉवरशी बोलतो तेव्हा टॉवर जितका लांब आणि मध्ये जितका डोंगर, तितकं ओरडून बोलावं लागतं. फोर जीवर फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने ओरडू शकतो, टॉवर जवळ असेल तर त्याच्या अगदी बारीकशा अंशात भागतं. आणि रेंज पूर्ण गेली की आणखी वाईट, कारण मग तो सगळे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) एकेक करून शोधत बसतो. फोन खिशात गप्प पडलाय असं आपल्याला वाटतं. "मोबाइल नेटवर्क" म्हणजे हा खर्च, तुमचं इंटरनेट नव्हे.

सिम किती आहेत?

रायवळ
दोन, अर्थात. एकाची रेंज घरात दोन काड्या. दुसऱ्याची घरात नाहीच, गोठ्याच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर येते.

शेवंता
अर्थात म्हणे! सापडला चोर. घरात असताना दुसरं सिम दिवसभर टॉवर शोधतंय. सेटिंगमधून सिम दोन बंद करा, काढायचीही गरज नाही. दुसरं, नेटवर्क प्रकार "फाइव्ह जी ऑटो" वर असेल तर फोर जी/एलटीई करा. वाडीत फाइव्ह जी नसेल तर त्याच्या शोधात राहून फायदा काय.

निवांत_काका
टू जीवर टाका. माझा जुना फोन टू जीवर चार दिवस जायचा. व्हॉट्सअ‍ॅपची गरजच काय या वयात?

बटाटवडा
जिओचं सिम असेल तर टू जीवर टाकून पूर्ण मुकं होईल. त्यांच्याकडे टू जी, थ्री जी कधी नव्हतंच. आधी कोणतं सिम ते विचारा, मग सल्ला द्या.

निवांत_काका
मी जनरल बोललो.

विजेचा_खांब
वायफाय कॉलिंग! जिओ-एअरटेलने २०१९-२० च्या सुमारास सुरू केलंय. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, फक्त वायफाय चालू ठेवायचं, कॉल वायफायवरून येतात. टॉवर शोधायची भानगडच नाही.

रायवळ
वायफाय असतं तर हा धागा कशाला काढला असता?

सिम दोन बंद करायला अडचण आहे. अण्णांचं आधार, बँक, गॅस, सगळं त्याच नंबरवर. त्यावर ओटीपी येतात. पोर्ट करा म्हणू नका, ऐकत नाहीत. "हा नंबर सगळ्यांना पाठ आहे."

कोयरी
अगदी असंच आमच्याकडे. सासऱ्यांचा नंबर गावातल्या अर्ध्या लोकांना पाठ आणि त्यावर फोन करतं कोण, तर कर्जवाले.

शेवंता
दोन मार्ग. एक, सिम बंद ठेवा आणि ओटीपी लागेल तेव्हाच चालू करा. तसाही घरात ओटीपी येत नसणारच, गोठ्यात जावं लागत असेल. दोन, त्या नंबरचे कॉल पहिल्या सिमवर फॉरवर्ड करा. हे कॉल सेटिंगमधून, सिम चालू असताना, रेंजमध्ये उभं राहून आधी करून घ्यायचं. मग ते सिम बंद झालं तरी फॉरवर्ड नेटवर्ककडे नोंदलेलं राहतं. पण मेसेज फॉरवर्ड होत नाहीत, लक्षात ठेवा.

बटाटवडा
फॉरवर्डचा विषय निघालाच आहे तर, वडिलांना एक ठणकावून सांगा. कोणी "कुरिअरवाला बोलतोय, स्टार ४०१ स्टार आणि हा नंबर दाबा" म्हणालं तर दाबायचं नाही. आपले सगळे कॉल त्याच्याकडे जातात, कॉलवर येणारे ओटीपी सकट. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना असं कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलंय, तरी सावध असलेलं बरं.

तळ्यातमळ्यात
धागा बॅटरीचा होता ना?

विजेचा_खांब
एक २०००० एमएएचची पॉवर बँक घेऊन द्या आणि विषय संपवा. मी नेहमी बरोबर ठेवतो, विमानातसुद्धा नेतो.

बटाटवडा
२०००० चा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ७४ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टला देताना आणि तोट्यात बराच भाग जातो, ५००० चा फोन चार वेळा भरेल या भ्रमात राहू नये. विमानात १०० वॅट-तासांपर्यंत चालते, पण हातातल्या बॅगेत. चेक-इनला टाकायची नाही. वडील विमानाने गोठ्यात जात नाहीत हा भाग वेगळा.

कोयरी
😂😂

रायवळ
आलो जाऊन. सिम दोन बंद केलं, पहिलं फोर जीवर आणलं. रविवारी रात्री नऊला फोनमध्ये ४६ टक्के. लाइट गेली होती मध्ये, आणि लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, तेव्हा टक्के भराभर उतरताना दिसले. शेवंताताई, तुमचं बरोबर होतं. टॉवर गेल्यावर एअरप्लेन मोड टाका असं अण्णांना सांगितलं, पण ते लक्षात राहणार नाही.

मात्र सोमवारी मी पुण्यात पोचेपर्यंत त्यांनी सिम दोन पुन्हा चालू केलं. "गॅसवाल्याचा फोन यायचाय." फॉरवर्ड केलंय म्हटलं, तर त्यांचा विश्वास नाही. आता?

शेवंता
घरात जुना बटणांचा फोन आहे का? सिम दोन त्यात घाला आणि तो फोन गोठ्याच्या कोपऱ्यातच खुंटीला अडकवा. रेंज तिथेच येते ना? वाजला की ऐकू येईल. ओटीपीही तिथेच येतील. अण्णांचा मुख्य फोन मग एकाच सिमवर राहील. फक्त सिम दोन जिओचं असेल तर साधा टू जीचा फोन चालणार नाही, फोर जीचा बटणांचा लागेल.

निवांत_काका
हेच मी म्हणत होतो. साधा फोन.

रायवळ
दुसरं सिम जिओचं नाही. फोन आहे, कपाटात पडलाय. मात्र बंद आहे, चार्जर हरवलाय. घरात आता सगळ्या सी टाइपच्या वायरी.

बटाटवडा
पिन कोणती? गोल बारीक की चपटी मायक्रो? फोटो टाका. आणि बॅटरी फुगलीय का ते मागचं झाकण काढून बघा आधी. फुगली असेल तर चार्जिंगला लावायचीच नाही.

तळ्यातमळ्यात
जाता जाता, माझ्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासात उतरते. कोणी सांगेल का?

बटाटवडा
कोणता लॅपटॉप? किती जुना?