रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा ठणकतेय, उद्या काढूनच टाकू का?

सांजवात – मंगळवार, रात्री ११:४०
तीन महिन्यांपूर्वी दाढेचं रूट कॅनाल झालं, कॅपही बसली. मध्ये छान होतं. आता बारा दिवस झाले, तीच दाढ परत ठणकतेय. दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. एक्स-रे काढला तर त्यात काही दिसत नाही म्हणे. शेवटी मीच डॉक्टरांना सांगितलं की काढून टाका एकदाची. उद्या संध्याकाळी पाचची वेळ घेतली आहे. काढावी की नाही एवढंच सांगा. कृपया लवकर.

रानपाखरू – रात्री ११:५२
वरची की खालची? गरमाने दुखते, थंडाने दुखते, चावल्यावर दुखते की काही न करताच? सूज आहे का? ताप? एवढं तरी लिहा हो, नाहीतर सगळे अंदाजच बांधत बसतील.

तांबडफुटी – रात्री ११:५८
काढून टाका आणि इम्प्लांट करून घ्या. मी हेच केलं. दाढ काढली, जखम भरू दिली, मग हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला. तो हाडाशी एकजीव व्हायला काही महिने थांबावं लागलं आणि त्यानंतर वर दात बसला. आज त्या बाजूने मी काहीही चावते. रूट कॅनालवर पुन्हा पुन्हा वेळ घालवू नका.

हिरवाचाफा – बुधवार, रात्री १२:०५
लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. दहा मिनिटांत ठणका बसतो.

सांजवात – रात्री १२:११
खालची, डावीकडची. सूज नाही, ताप नाही. लवंगतेल लावून झालं, काही उपयोग नाही. उद्या काढू की नको?

मितभाषी – रात्री १२:२६
मी दंतवैद्य आहे. तोंडात न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी विचारतो. काढण्याआधी त्यांची उत्तरं मिळायलाच हवीत.

१. गरम प्यायल्यावर कळ येते का? आली तर घोट गिळल्यावर लगेच जाते की रेंगाळते?
२. थंडाने काय होतं?
३. त्या कॅपवर बोटाने दाबलं किंवा हळूच टिचकी मारली तर दुखतं का?
४. त्या दाढेच्या मागेपुढे जुनं सिमेंट किंवा चांदी भरलेला दात आहे का?
५. कोणती औषधं रोज चालू आहेत?

घाई कळते मला. दातदुखीत रात्र सरत नाही. पण दात एकदा काढला की परत लावता येत नाही.

वाटसरू – रात्री १२:३१
कॅप उंच बसली असणार. माझी तशीच होती. निळा कागद चावायला दिला, डाग पडला तिथे जरासं घासलं आणि दोन दिवसांत दुखणं गायब.

रानपाखरू – रात्री १२:३५
वाटसरू, कॅप उंच असेल तर चावताना दुखेल, आणि सुरुवातीपासून दुखेल. मधले दोन-अडीच महिने छान कसे जातील?

वाटसरू – रात्री १२:३८
मी शक्यता सांगितली. तुम्हीही अंदाजच बांधताय.

पिंपळपार – रात्री १२:४४
रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात ठेवलेला मेलेला अवयव. त्याचं विष रक्तात उतरतं आणि सगळे आजार तिथून सुरू होतात. मुळासकट काढा, शरीर मोकळं होईल.

खडूफळा – रात्री १२:५९
पिंपळपार, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरोखर जोरात होती. तेव्हा सांधेदुखीपासून मनाच्या आजारांपर्यंत सगळ्यासाठी लोकांचे धडधाकट दात काढले गेले. पुढे नीट तपासल्यावर ती टिकली नाही. दात गेले आणि आजार तिथेच राहिले. कुणी वेदनेत असताना ही भीती घालू नका, हात जोडून सांगते. रूट कॅनालमध्ये आतला किडलेला गर काढतात, नळ्या साफ करून बंद करतात. दाताचं मूळ मात्र हाडात जिवंत धाग्यांनी धरलेलंच असतं. म्हणून तो दात पुढे वर्षानुवर्षं चावायला चालतो.

सांजवात – रात्री १:१०
झोप नाहीच, लिहिते. गरमाने जास्त दुखतं, आणि गिळल्यावरही दहा-पंधरा मिनिटं राहतं. आडवं पडलं की ठणका कानापर्यंत जातो. थंडाने उलट बरं वाटतं. उशाशी गार पाण्याची बाटली ठेवली आहे, घोट घेऊन गालात धरला की तेवढ्यापुरतं थांबतं. कॅपवर बोट दाबलं, काही नाही. टिचकीलाही काही नाही. मागच्या दाढेत फार जुनं सिमेंट आहे, कॉलेजात असताना भरलेलं, पण ती कधीच दुखली नाही. अक्कलदाढ पूर्वीच काढली आहे.

रोजचं एकच औषध, रक्त पातळ राहण्याची गोळी. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून. त्याचा इथे काय संबंध?

मितभाषी – रात्री १:२४
बाटलीचं हे सुरुवातीलाच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

गरमाने वाढणारा, रेंगाळणारा आणि थंड पाण्याने थांबणारा ठणका बहुतेक वेळा गर शेवटच्या टप्प्यात सुजलेल्या दाताचा असतो. ज्या दाताचा गरच काढून टाकला आहे, त्याला गरम-थंड असं कळायला नको. एखादी नळी साफ करायची राहून गेली असेल तर कळू शकतं, खालच्या दाढेत कधी चौथी नळी सापडते. पण कॅपवर दाबून, टिचकी मारून काहीच होत नाही म्हणता, तेव्हा माझं लक्ष आधी मागच्या दाढेकडे जातं.

‘ती कधीच दुखली नाही’ यावर फार विसंबू नका. दाताच्या आतल्या नसेला दुखणं कळतं, जागा नीट कळत नाही. जागा सांगतात ते मुळाभोवतीचे धागे. सूज त्या धाग्यांपर्यंत पोचेपर्यंत माणूस शेजारच्या दातावर बोट ठेवतो, कधी वरच्या दुखण्यासाठी खालचा दात दाखवतो. एवढं मात्र खरं की कळ सहसा डावीकडून उजवीकडे जात नाही.

उद्या काढायच्या खुर्चीत बसण्याआधी एवढंच म्हणा: डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या सगळ्या दाढा गरम-थंड लावून एकेक करून तपासा, आणि मागच्या दाढेचा वेगळा एक्स-रे काढा.

आता गोळीबद्दल. संबंध फार मोठा आहे. दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागू शकतो. डॉक्टरांना सांगितलंय का? आणि दुखण्यावर काय घेताय?

वाटसरू – रात्री १:३१
मग ती गोळी तीन-चार दिवस बंद ठेवायची, एवढंच. माझ्या मामांनी तसंच केलं होतं.

मितभाषी – रात्री १:३४
नाही. कृपा करून असं कुणाला सांगू नका. ठोके अनियमित असताना हृदयात रक्ताची गाठ होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून ती गोळी असते. दात काढताना होणारं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. मेंदूत गेलेली गाठ तशी थांबवता येत नाही. गोळी चालू ठेवायची, पुढे-मागे करायची की काय, ते हृदयाचे डॉक्टर आणि दंतवैद्य बोलून ठरवतील. स्वतःच्या मनाने एकही दिवस चुकवायची नाही.

वाटसरू – रात्री १:४०
ठीक आहे. हे मला माहीत नव्हतं. मामांनाही विचारतो, त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून बंद केली होती.

सांजवात – रात्री १:४३
दातांच्या डॉक्टरांना गोळीचं सांगितलेलं नाही. त्यांनी फॉर्म दिला होता, मी सगळीकडे ‘नाही’ करून सही केली. रूट कॅनालच्या वेळी गोळी नव्हती, ती दीड महिन्यापूर्वी सुरू झाली. दुखण्यावर आयब्युप्रोफेन घेतेय, दिवसाला तीन.

मितभाषी – रात्री १:४७
आयब्युप्रोफेन आत्ताच थांबवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ते घेतलं तर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला काळं झालं, कुठे निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त थांबेना, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. अशा रुग्णांना आम्ही सहसा पॅरासिटामॉल देतो, पण तुमची बाकीची प्रकृती मला माहीत नाही. सकाळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

सांजवात – रात्री १:५२
तसं काही झालेलं नाही. गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली. सकाळी फोन करते.

हिरवाचाफा – सकाळी ७:१५
माझ्या लवंगतेलाला सगळ्यांनी बाजूला टाकलं. त्याने खरंच बधिर होतं.

रानपाखरू – सकाळी ७:३२
होतं, त्यातल्या युजेनॉलमुळे, आणि दंतवैद्यही ते वापरतात. पण जपून. माझ्या बहिणीने कापूस भिजवून रात्रभर ठेवला, सकाळी हिरडी पांढरी पडून सोललेली. आणि किडीवर कॅप असेल किंवा कीड दोन दातांच्या फटीत असेल तर तेल तिथे पोचतच नाही.

मोगरा२१ – सकाळी ८:०४
विषय निघालाच आहे तर विचारते, दात पिवळे झालेत, व्हाइटनिंग केल्याने इनॅमल जातं का?

दुपारचंऊन – सकाळी ८:२०
व्हाइटनिंग सोडा, आधी क्लिनिंगसुद्धा करू नका. माझ्या आईचे दात क्लिनिंगनंतरच हलायला लागले.

खडूफळा – सकाळी ८:४१
दुपारचंऊन, माझ्या बाबांचंही असंच वाटलं होतं, म्हणून लिहिते. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं. वर साचलेला दगडासारखा थर दातांना एकमेकांना धरून ठेवतो. तो काढला की हलणं उघडं पडतं. बाबांना मधुमेहही होता आणि तो आटोक्यात नसला की हिरड्या आणखी बिघडतात. लवकर साफ केलं असतं तर समोरचे चार दात राहिले असते. अजून चुटपुट लागते.

मितभाषी – सकाळी ८:५५
मोगरा, वेगळा धागा काढाल का? थोडक्यात: दंतवैद्याकडे नीट केलं तर इनॅमल जात नाही, काही दिवस दात शिवशिवतात. कीड आणि हिरड्या आधी बघून घ्या. कॅप आणि सिमेंटचा रंग त्याने बदलत नाही. कोळशाची पूड मात्र घासू नका, ती खरखरीत असते.

तांबडफुटी – सकाळी ९:१०
मी अजूनही म्हणते, इम्प्लांट. दोनदा-तीनदा उघडण्यापेक्षा एकदाच काय ते.

रानपाखरू – सकाळी ९:१८
तांबडफुटी, तुमचं छान झालं याचा आनंदच आहे. पण इथे कोणता दात दुखतोय हेच ठरलेलं नाही. चुकीचा काढला तर चांगली दाढ जाईल आणि ठणका तसाच राहील.

सांजवात – रात्री ९:३०
दाढ काढली नाही.

आधी गोळीचं सांगितलं. डॉक्टर गप्प झाले, मग म्हणाले बरं झालं आत्ता सांगितलंत. समोरच बसून त्यांनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी चालूच ठेवायची ठरलं. पॅरासिटामॉल किती आणि कधी, तेही लिहून मिळालं.

मग मी मितभाषींनी लिहिलेलं वाचून दाखवलं. डॉक्टर रागावले नाहीत. कसलीशी कांडी दिव्यावर मऊ करून एकेका दाढेला लावली. कॅपवाल्या दाढेला काही नाही. पुढच्या दातांना जाणवलं आणि गेलं. मागच्या दाढेला टेकवली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तोच ठणका, तसाच कानापर्यंत. त्यांनी पिचकारीने त्याच दाढेवर गार पाणी सोडलं आणि तो विरला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, कारण बारा दिवस मी शेजारच्या दाढेला दोष देत होते.

आधीचा एक्स-रे कॅपवाल्या दाढेच्या मुळांचा होता, मागची अर्धीच आली होती. नव्यात जुन्या सिमेंटखाली, कॅपच्या बाजूला काळी पोकळी दिसली, गरापर्यंत गेलेली. वरून दाढ अगदी स्वच्छ होती. लगेच बधिर करून गर काढला, तात्पुरतं सिमेंट भरलं. पुढची बैठक शनिवारी.

रानपाखरू – रात्री ९:४१
हुश्श! आज झोपा आता.

मितभाषी – रात्री १०:०२
खूप बरं वाटलं. दोन-तीन दिवस चावताना ती दाढ दुखरी राहील, ते अपेक्षित आहे. पण सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर शनिवारपर्यंत थांबायचं नाही. तात्पुरतं सिमेंट आहे तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका, आणि नळ्या भरल्यावर कॅप लांबणीवर टाकू नका. मागच्या दाढेवर चावण्याचा जोर फार येतो, कॅपशिवाय ती चिरते आणि मुळापर्यंत चिरली तर वाचवता येत नाही.

त्या दोन दाढांच्या मध्ये ब्रश पोचत नाही, तिथे रोज रात्री दोरा फिरवा. कॅपच्या कडेशी अडकत असेल तर शनिवारी डॉक्टरांना दाखवा. कड नीट बसलेली नसेल तर तिथेच पुन्हा कण साचत राहतील.

सांजवात – रात्री १०:०९
अडकतो. कॅप बसल्यापासून दोरा तिथे फाटतो, म्हणून मी त्या जागी फिरवणंच सोडलं होतं. शनिवारी हे आधी सांगते.