कार्यालयीन इमारतीचा ईपीआय काढताना कोणता ऊर्जावापर धरावा?

प्रश्न: इमारत व्यवस्थापक, ठाणे

नमस्कार. आमच्या सात मजली कार्यालयीन इमारतीची ईपीआयवरून, म्हणजे प्रति चौरस मीटर वार्षिक वीजवापरावरून, तशाच इतर इमारतींशी तुलना करण्यासाठी मी वर्षभराची वीजबिले एकत्र केली आहेत. सामाईक मीटरवर लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे आणि सेंट्रल एसीचा चिलर आहे. भाडेकरू कंपन्यांचे मीटर वेगळे असून त्यांची बिले परस्पर त्यांच्याकडे जातात. शिवाय डिझेल जनरेटर, गच्चीवरील सोलर पॅनेल आणि मोबाइल टॉवर आहे. यांपैकी काय धरावे? सामाईक मीटरच्या युनिटांना संपूर्ण क्षेत्रफळाने भागले, तर आकडा फारच चांगला येतो आणि त्यामुळेच तो पटत नाही.

उत्तर 1: एनर्जी ऑडिटर, मुंबई

आपली शंका रास्त आहे. ज्या जागेचे क्षेत्रफळ भाजक म्हणून घेतले, त्या जागेत वापरलेली सगळी वीज अंशस्थानी आलीच पाहिजे. भाडेकरूंचे दिवे, संगणक आणि सर्व्हर रूम वगळून त्यांचे चौरस मीटर मात्र मोजले, तर तो आकडा कोणत्याच इमारतीचा राहत नाही. ऑस्ट्रेलियातील नेबर्स या इमारतींच्या ऊर्जा-मानांकन पद्धतीत केवळ सामाईक सेवांचे, केवळ भाडेकरूचे आणि संपूर्ण इमारतीचे अशी वेगवेगळी मानांकने असतात. पण तेथेही तुलना त्या-त्या प्रकारातच होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) स्टार रेटिंगसाठी संपूर्ण इमारत धरावी लागते, म्हणून भाडेकरूंकडून बारा महिन्यांची बिले लेखी मागवावीत.

सामाईक जोडणी उच्चदाबाची असेल, तर बिल नीट पाहावे. एप्रिल 2020 पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (आभासी ऊर्जेवर) आकारणी होते. ईपीआयसाठी मात्र केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) लागतात, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच व केव्हीएएच यांचे गुणोत्तर, कमी असेल तर या दोन आकड्यांत चांगलाच फरक पडतो.

सोलरबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. नेट मीटरिंगच्या बिलात आकारणी होते ती ग्रिडमधून घेतलेल्या (आयात) युनिटांतून ग्रिडला दिलेली (निर्यात) युनिटे वजा करून उरलेल्या युनिटांवर. पॅनेलची जी वीज इमारतीतच खर्च झाली, ती मुख्य मीटरपर्यंत पोचतच नाही. प्रत्यक्ष वापर काढायचा तर आयात युनिटांत सोलरची निर्मिती मिळवून निर्यात वजा करावी. बीईईच्या सूत्रात आवारातील सोलरची वीज मोजली जात नाही, त्यामुळे स्टार रेटिंगसाठी तो आकडा वेगळा ठेवावा. तरीही माझा आग्रह आहे की दोन्ही आकडे नोंदवावेत, कारण जुना, वीजखाऊ चिलर सोलरच्या आड सहज लपतो.

उत्तर 2: देखभाल अभियंता, नवी मुंबई

जनरेटरसाठी त्याच्या मीटरवरील युनिट घ्यावेत. डिझेलचे लिटर त्यात पुन्हा मिळवू नयेत. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिटांइतकी उष्णता असते, पण हाती येणारी वीज साधारण 3 ते 3.5 युनिट असते. म्हणून एका इमारतीने इंधन आणि दुसरीने निर्माण झालेली वीज मोजली, तर तुलना तिथेच फसते. मीटर नसेल तर लॉगबुकातील लिटरवरून अंदाज करावा आणि तो अंदाज आहे, असे स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मोबाइल टॉवरला स्वतंत्र मीटर नाही. त्याची वीज सामाईक मीटरवरूनच जाते. शिवाय दोन मजल्यांवर रात्रपाळी चालते.

उत्तर 1: एनर्जी ऑडिटर, मुंबई

टॉवर इमारतीतील लोकांसाठी चालत नाही, म्हणून तो वगळणे योग्य. पण मोजल्याशिवाय वगळू नये. टॉवरला वीज नेणाऱ्या वाहिनीवर (फीडरवर) सबमीटर बसवावा आणि तोवर टॉवरची वीज एकूण वापरातच राहू द्यावी. पार्किंगचे क्षेत्रफळ धरू नये. रात्रपाळीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: चोवीस तास चालणाऱ्या बीपीओ इमारतींसाठी बीईईने प्रति तास, प्रति चौरस मीटर असे वेगळे माप ठेवले, ते याच कारणाने. त्या दोन मजल्यांचे कामाचे तास आणि युनिट वेगळे नोंदवून ठेवावेत, आणि तुलनेसाठी इमारती निवडताना त्यांच्याही कामाच्या वेळा आधी विचाराव्यात.