मनातलं लिहून काढलं की शांत वाटतं म्हणतात, माझं उलटंच होतंय

वाकडची_मी:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. वय ३४, हिंजवडी फेज ३ ला जॉब. तीनेक महिने झाले, रात्री तीनला टक्क जाग येते आणि मग सगळं सुरू, अप्रेझल, होम लोनचा हप्ता, आईचा गुडघा, मॅनेजर मीटिंगमध्ये काय बोलला आणि मी तेव्हा काय बोलायला हवं होतं, तेच ते तेच ते. एका समुपदेशक मॅडमकडे जाऊन आले, त्या म्हणाल्या मनात येईल ते लिहून काढा, हलकं वाटेल. म्हणून रोज आडवं झाल्यावर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहायला लागले, आज बारा दिवस झाले. हलकं कसलं, लिहिता लिहिता अजून चार गोष्टी आठवतात, मग रडू येतं, मग झोपेचं खोबरं. काल मागचं वाचून पाहिलं तर बाराही दिवस तेच लिहिलंय, फक्त मॅनेजरला घातलेल्या शिव्या बदलल्यात. वर नवऱ्याच्या हातात फोन गेला तर ही वेगळीच धास्ती. कुणी हे नीट केलंय का? वहीच लागते का?

पर्वती_पायथा:
सकाळी उठून पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढा-उतरा. रात्री तीनला काय, अलार्मलाही जाग येणार नाही. वही-बिही सगळी फॅडं आहेत.

एमए_अर्धवट:
पर्वतीकर, व्यायामाला अनुमोदन, पण फॅड नाहीये हो ते. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ चा प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं. आता ताई, तुमच्या कामाची गोष्ट ही की लिहून झाल्या झाल्या त्या मुलांनाही वाईटच वाटत होतं. फायदा पुढच्या सहा महिन्यांत दिसला, त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. तोही कुणाच्या, तर ज्यांनी घडलं काय आणि तेव्हा वाटलं काय हे दोन्ही लिहिलं त्यांच्या. म्हणजे रडू येतं यात तुमचं काही चुकत नाहीये.
चुकतंय ते बारा दिवस तेच लिहिण्यात. पेनेबेकरनी पुढे लोकांचं लिखाण शब्द मोजून तपासलं, तर ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतंय’ असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त उपयोग झाला होता. नुसत्या शिव्या म्हणजे रवंथ. तेव्हा चारच दिवस लिहा, रोज पंधरा मिनिटं, गजर लावून, आणि प्रत्येक तक्रारीपुढे एक ‘कारण’ लिहून वाक्य पुरं करायचा प्रयत्न करा. आणि अंथरुणात नको, संध्याकाळी. एखादा विषय फारच झेपेनासा झाला तर तो सोडून दुसरा घ्यायचा, हट्ट करायचा नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र वही बाजूला ठेवून आधी १४४१६ ला फोन, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

निवृत्त_कॅशियर:
ताई, मी बँकेत ३४ वर्षं काढली. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही हा नियम. पण कधी कधी फरक सापडतच नाही, रात्रीचे नऊ वाजतात, मग ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि दिवस बंद करायचा, उद्या शोधू. (कमी भरली की कॅशियरच्याच खिशाला चाट, ते दुःख वेगळं.) बायपास झाल्यानंतर मला असंच रात्री जागं राहायची सवय लागली होती. अप्पा बळवंत चौकातून एक दोनशे पानी वही आणली, मधोमध रेघ मारली. साडेसहाला चहा झाला की बसतो. डावीकडे काळजी, उजवीकडे उद्या त्याचं काय करणार ते, कुणाला फोन, कुठला कागद, किती वाजता. उजवीकडे लिहायला काहीच सुचलं नाही तर फक्त ‘सस्पेन्स’ लिहितो. रात्री तो विषय डोक्यात आलाच तर सांगतो, बाबा रे, तुझी एन्ट्री झालेली आहे. हसाल, पण चालतं.

खुडबुडी:
काका, भारी! नुसत्या उजव्या बाजूवरही अभ्यास झालाय, २०१८ चा, ५७ तरुण मंडळी, झोपायच्या आधी पाच मिनिटं, निम्म्यांनी पुढच्या कामांची यादी लिहिली आणि निम्म्यांनी उरकलेल्या कामांची. पुढच्या कामांवाले साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईनं लिहिलेली तितकी झोप लवकर.
नवऱ्याच्या धास्तीबद्दल, मी मोडीत लिहिते. शिकले होते हौस म्हणून, उपयोग हा झाला. सासूबाईंनी एकदा वही उघडून पाहिली आणि विचारलं, हे कुठल्या सनातलं दप्तर गं? तेवढा वेळ नसेल तर लिहून फाडून टाक, जपून ठेवलंच पाहिजे असं कुठंय.

वाकडची_मी:
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितेय. चार दिवस लिहिलं, फाडलं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरपुढे ‘कारण’ लिहून बसले तर पेन पुढे सरकेना, मग लिहिलं की कारण शनिवारच्या रिलीजला मीच हो म्हटलं होतं, कुणी विचारायच्या आधी. राग त्याच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त निघाला, हे काही आवडलं नाही, पण त्या रात्रीपासून ती मीटिंग डोक्यात वाजायची थांबली. आता काकांची रेघ मारलेली वही चालू आहे. तीनला जाग अजून येते, आठवड्यातून दोनदा, पाणी पिऊन झोपते. आईचा गुडघा पाच दिवस सस्पेन्समध्ये पडून होता, शेवटी लाज वाटून ऑर्थोची अपॉइंटमेंट घेतली. हप्ता मात्र तिथेच आहे.
पर्वतीकर, रविवारी जाऊन आले. पायऱ्या १०५ भरल्या.

पर्वती_पायथा:
परत मोजा.

निवृत्त_कॅशियर:
दोनचा फरक ना, टाका सस्पेन्सला.