शब्दचर्चा : ‘ॲग्री टू डिसॲग्री’

प्रश्न : ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘आय ॲग्री टू डिसॲग्री’ सर्रास ऐकू येतं. याचा अर्थ ‘मला पटत नाही’ एवढाच ना? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : तेवढाच नाही. नुसतं पटत नसेल तर ‘आय डिसॲग्री’ पुरे. अदबीनं सांगायचं तर ‘आय बेग टू डिफर’. ‘ॲग्री टू डिसॲग्री’ला मात्र दोन्ही बाजू लागतात. वाद घालून झालेला असतो, मत कुणीच सोडलेलं नसतं, आणि विषय आणखी ताणायचा नाही हे दोघांनाही मान्य असतं. म्हणून कर्ता ‘वी’ हवा, किंवा सरळ ‘लेट्स’. एकट्यानं ‘आय’ लावणं म्हणजे समोरच्याला न विचारता समझोता जाहीर करणं.

यामागचा इतिहास वाचण्यासारखा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोन धर्मोपदेशक जुने स्नेही. उद्धार कुणाचा व्हायचा हे देवानं आधीच ठरवलंय, असं व्हाइटफील्ड मानत. देवाची कृपा सर्वांना खुली आहे, असं वेस्लींचं म्हणणं. यावरून दोघांनी एकमेकांविरुद्ध जाहीर लिहिलं. 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले. त्यांच्याच इच्छेनुसार लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लींनी केलं, आणि कमी महत्त्वाच्या मतांबाबत हा शब्दप्रयोग वापरला. खुद्द व्हाइटफील्डांच्या 1750 मधल्या एका पत्रातही तो सापडतो. वाद खरा होता आणि स्नेहही. दोन्ही असल्याशिवाय या शब्दांना वजन येत नाही.

आणखी एक उत्तर : वर्तमानपत्री ‘असहमतीवर सहमती’ मला आवडत नाही, कुणी तसं बोलत नाही. ‘यावर आपलं एकमत व्हायचं नाही, इथेच थांबू’ हे कसं स्वच्छ आहे! ‘मतभेद आहेत, मनभेद नाहीत’ जवळचं वाटतं खरं, पण ते नात्याबद्दल बोलतं. वाद थांबवला, हे त्यात येत नाही.

प्रश्न : मग मीटिंगमध्ये वापरावं की नाही?

उत्तर : निर्णय घ्यायचा असेल तिथे नको. माल शुक्रवारी पाठवायचा की सोमवारी, यावर दोघांनी आपापल्या मताला धरून बसलं तर गाडी कधी भरायची? तिथे सरळ म्हणावं, ‘मला पटलेलं नाही, पण तुमच्या निर्णयाप्रमाणे करतो.’