स्वयंपाकघरात ट्रॉल्या कारखान्यातून आणायच्या की सुताराकडून सागवानी कपाटं करून घ्यायची?

मंगळवारपेठी
सध्या नवीन घर म्हटलं की मापं घेऊन कारखान्यातून तयार खोकी (कपाटांचे सांगाडे) येतात आणि दोन दिवसांत बसवून माणसं निघून जातात. माझं मत याच्या उलट आहे. कोल्हापुरात स्वयंपाकघराचं काम सुताराकडूनच करून घ्यावं. मात्र अख्खं सागवानी करू नये. दारं सागाची, खोकी मरीन प्लायची (पाणी सोसणारं प्लायवूड) आणि सिंकखालचा कप्पा कडाप्प्याचा. जुन्या घरांत भिंत ओळंब्यात नसते, ओटा पाणसळीत नसतो. तयार खोकं तिथं ठेवलं की मागं बोटभर फट राहते आणि झुरळांची सोय होते. सुतार त्या भिंतीप्रमाणं पट्टी रंधून बसवतो.

शिरोलीचा_माणूस
रंधून बसवतो, आणि दोन महिने हॉलमध्ये भुसा! कारखान्यात प्लायच्या कडांवर यंत्रानं गरम डिंकाची पट्टी बसते. सुतार तीच पट्टी हातानं फेविकॉल लावून दाबतो. ओल शिरते ती याच कडेतून, प्लायच्या सपाट बाजूवरून नाही. कडा नीट बंद नसेल तर महागातला प्लाय आणून काय उपयोग? भिंत वाकडी असेल तर मापं घेतानाच सांगा, बाजूला झाकपट्टी देतात.

मंगळवारपेठी
कडांचा मुद्दा मान्य. पण कारखान्यातून येतं ते बहुतेक वेळा मरीन प्लाय नसतंच. आत एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नाहीतर भुशाचा बोर्ड, वर चकचकीत सनमायका. बिलावर नुसतं 'वॉटरप्रूफ'. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का, तो बघायला मागा. आयएस 303 हा वेगळा दर्जा, त्यात उकळतं पाणी सोसणारा आणि नुसती ओल सोसणारा असे दोन्ही प्रकार येतात.

सागप्रेमी_राधानगरी
प्लाय कशाला मुळात? आमच्या आजीची सागवानी मांडणी अजून उभी आहे. सगळंच साग करा.

रंधा_आणि_पटाशी
वडील सुतार, मी पण तेच काम करालोय, म्हणून लिहितो. साहेब, आजीची मांडणी उघडी होती, तिला दार नव्हतं. दार आलं की गोष्ट बदलते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. एप्रिलात सुकतं, जुलैत फुगतं. फळ्या जोडून दोन फूट रुंदीचं सपाट दार केलं तर पावसाळ्यात तीन-चार मिलिमीटर सहज वाढतं, शेजारच्या दाराला घासतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, रंधा मारून द्या. मारला की उन्हाळ्यात फट दिसते.
म्हणून चौकट करायची, अडीच इंची पट्ट्यांची. मधला फलक चौकटीच्या खाचेत मोकळा ठेवायचा, त्याला डिंक लावायचा नाही. तो आतल्या आत फुगतो, बाहेरचं माप हलत नाही. घाईचा कारागीर फलकालाही डिंक चोपडतो, आणि मग फलक तडकतो.
आणि साग म्हणजे सगळा साग नव्हं. गाभ्याला कीड सहसा लागत नाही. कडेचा पांढरा भाग मात्र घुणाला आवडतो. स्वस्त साग म्हणजे बहुतेक हाच पांढरा भाग, वर रंग मारून.

सागप्रेमी_राधानगरी
म्हणजे चांगलं लाकूड आणि चांगला सुतार असेल तर सागच सरस, हे तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात.

रंधा_आणि_पटाशी
दारांपुरतं होय. खोक्याला साग म्हणजे पैशाची उधळण, आत डबेच ठेवायचेत.

दुधाळीची_सून
तुम्ही सगळे बसवण्यावर भांडताय, रोज पुसायचं मला आहे. ओट्यावरच्या कपाटाखाली कुकरची शिट्टी होते, वाफ सरळ दाराच्या खालच्या कडेवर. कुठलंही लाकूड घ्या, ती कड आधी जाते. मी कुकर पुढच्या बर्नरवर ठेवते. तांबड्या रश्श्याची फोडणी दिली की तेलाचा थर बसतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरडं फडकं. तारेची घासणी आणि सोडा दोन्ही बंद, पॉलिश जातं. खाचांच्या दारात हे थर जास्त अडकतात, म्हणून मला सागाची नक्षी नकोच. सपाट सनमायका बरा. दिसायला छान दारं मागणाऱ्यांनी महिनाभर तरी ती पुसून दाखवावीत.

शिरोलीचा_माणूस
ताई, हेच म्हणत होतो!

मंगळवारपेठी
ताईंचा मुद्दा नक्षीच्या विरोधात आहे, सुताराच्या नाही. सपाट फलकाची चौकट पण होते. पुसायची खाच एकच.

दुधाळीची_सून
एकच असली तरी पुसायला कोण येणार, तुम्ही? बरं, ते राहू द्या. आमच्याकडे 2019 ला आणि 2021 ला पाणी घरात आलं. मरीन प्लाय घेतला तर पुन्हा पाण्यात टिकेल का, एवढं सांगा.

शिरोलीचा_माणूस
आयएस 710 च्या चाचणीत तुकडा 72 तास उकळतात. पुराचं पाणी काय करणार त्याला?

रंधा_आणि_पटाशी
भावा, त्या चाचणीत थरांमधला डिंक सुटतो का ते बघतात. पुरात गाळ बिजागरीत बसतो, ड्रॉवरच्या पट्ट्या गंजतात, सनमायका फुगतो. प्लाय वाचला तरी कपाट वाचेलच असं नाही. ताई, खालची खोकी भिंतीला कायमची ठोकू देऊ नका. चार इंची पायांवर उभी ठेवा, भिंतीला दोन स्क्रूनं धरा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोक्याची. 39 झाली की स्क्रू काढायचे आणि चौघांनी मिळून खोकी वर न्यायची.

शिरोलीचा_माणूस
आणि खोक्यांवर बसलेला ग्रॅनाईटचा ओटा? तो पण चौघं उचलणार?

रंधा_आणि_पटाशी
ओटा खोक्यांवर टाकायचाच नाही. कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर टाकायचा, खोकी मधल्या गाळ्यांत सरकवायची. गॅसची टाकी ज्या गाळ्यात, त्याच्या दाराला खाली जमिनीलगत भोकं पाडून घ्या. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. नुसती वरची जाळी पुरत नाही.